डास मोजणारा दिवा

निफाड तालुक्यातल्या मामांच्या मळ्यात पहिला पाऊस पडून गेला की बांधावरच्या कडुनिंबाजवळ एक दिवा लागतो. दिव्याखाली पसरट टब, टबात पाणी आणि पाण्यावर थोडं रॉकेल. अंधार पडला की उसाची मुळं कुरतडणाऱ्या हुमणी किडीचे भुंगेरे दिव्याकडे झेपावतात, आपटतात आणि टबात पडतात. सकाळी मामा टब बघतात. काल ओंजळभर होते, आज टोपलंभर. एवढ्यावरून यंदा उसाच्या मुळाशी काय होणार याचा अंदाज त्यांना येतो. मागच्या पावसाळ्यात त्यांनी मला विचारलं, "काय गं, तू कॉलेजात किड्यांचं शिकवतेस. हाच दिवा डासांना लावला तर गावातला मलेरिया, डेंग्यू जाईल का?"

मी लगेच "नाही मामा" म्हणाले आणि मग पुढचे दोन तास ओट्यावर बसून ते का नाही, हे सांगत राहिले. कारण प्रश्नात खरं तर दोन प्रश्न होते. डास दिव्याकडे येतात का? आणि येत असले तर पकडून संपतात का? पहिल्याचं उत्तर "काही येतात, काही येत नाहीत" असं आहे. दुसऱ्याचं उत्तर साफ नाही. तरीही जगभरचे कीटकशास्त्रज्ञ ऐंशी वर्षांहून जास्त काळ डासांसाठी दिवे टांगत आले आहेत. त्यांना डास संपवायचे नसतात, मोजायचे असतात. पर्जन्यमापकाने पाऊस थांबत नाही, पण धरणाचे दरवाजे कधी उघडायचे हे ठरवताना तो लागतोच. गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याच्या आकड्यावर पावसाळ्यात अख्ख्या नाशिकचं लक्ष असतं, म्हणून हा दाखला मामांना चटकन पटला.

डासांचा प्रकाश सापळा मामांच्या दिव्याचाच भाऊबंद, पण अंगाने बारीक. वीतभर लांबीची प्लॅस्टिकची नळी, वरून पाऊस आत जाऊ नये म्हणून ताटासारखं झाकण, झाकणाखाली छोटासा बल्ब, नळीच्या आत छोटा पंखा आणि खाली बारीक जाळीची पिशवी. डास बल्बच्या जवळ आला की पंख्याचा झोत त्याला खाली ओढतो. डासाचं वजन जेमतेम दोन-अडीच मिलिग्रॅम, त्याला त्या झोताविरुद्ध उडता येत नाही. तो पिशवीत जाऊन पडतो आणि पंखा फिरतो आहे तोवर तिथेच राहतो. म्हणूनच सकाळी सापळा उतरवताना आधी पिशवीचं तोंड बांधायचं आणि मगच पंखा बंद करायचा. हा क्रम चुकला, किंवा पहाटे बॅटरी संपली, तर रात्रभराचा माल डोळ्यांदेखत उडून जातो.

१९३०च्या दशकात अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात असा सापळा बनला तेव्हा तो घरच्या विजेवर चालणारा, जड आणि एका जागी बसवायचा होता. त्यात पडलेले किडे विषाच्या बरणीत मरायचे. १९६२मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेतल्या सुडिया आणि चेंबरलेन या दोघांनी बॅटरीवर चालणाऱ्या हलक्या सापळ्याची सुधारलेली रचना प्रसिद्ध केली. वीज नसलेल्या वस्तीवर, भातखाचराच्या कडेला, गोठ्यात, कुठेही तो खुंटीला टांगता येतो. शिवाय त्यात डास जिवंत राहतो, आणि ते महत्त्वाचं का, ते पुढे येईलच. आज "सीडीसी सापळा" म्हणून भारतातही जो वापरतात तो हाच.

याआधी डास मोजायची एक जुनी पद्धत होती, ती सांगायला मला आजही अवघड जातं. माणसाने रात्री पाय उघडे टाकून बसायचं, डास पायावर बसला की टॉर्चच्या उजेडात काचेच्या नळीने तोंडाने ओढून घ्यायचा. माणूसच आमिष. माणसाला चावणारे डास नेमके किती, हे याहून चांगलं कोणतीच पद्धत सांगत नाही, पण ज्याच्या पायावर ते बसतात त्याला मलेरिया होण्याचा धोका असतोच. सापळ्याने तो धोका बराच कमी केला. घरात मोजायचं असेल तर एक सुंदर युक्ती आहे: खाटेवर माणूस मच्छरदाणीत झोपतो आणि सापळा मच्छरदाणीबाहेर, पायाकडच्या बाजूला, साधारण दीड मीटर उंचीवर टांगतात. झोपलेल्याच्या वासाने डास येतात, आत जाता येत नाही म्हणून घुटमळतात आणि सापळ्यात जातात. माणूस आमिष होतो, पण चावून घेत नाही.

म्हणजे नुसता दिवा पुरत नाही, वासही लागतो. आपण श्वास सोडतो तो कार्बन डायऑक्साइड डासाच्या मादीला काही मीटर लांबून कळतो. त्यामुळे सापळ्याशेजारी कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, ठेवतात. तो वितळत नाही, त्याचा थेट वायू होतो. कोरडा बर्फ मिळत नसेल तर कोमट पाण्यात साखर आणि यीस्ट. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. इथल्या वायनरीत द्राक्षाचा रस आंबताना टाकीतून जो वायू बुडबुडत बाहेर पडतो, तोच हा. वायू जोडला की सापळ्यात येणाऱ्या माद्या सहसा खूप वाढतात. लांबून वास बोलावतो आणि जवळ आल्यावर दिवा ओढून घेतो, अशी ही वाटणी.

कीटक दिव्याकडे का जातात, यावर बरंच लिहिलं गेलं आहे. चंद्राचा अंदाज घेऊन उडणारे कीटक दिव्याला चंद्र समजतात, हे आपण शाळेत ऐकलेलं. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी दिसलं ते वेगळंच होतं. पतंग आणि चतुर दिव्याकडे पाठ फिरवतात. उजेडाकडे पाठ म्हणजे आकाश वर, हा त्यांचा कोट्यवधी वर्षांचा ठोकताळा. दिवा बाजूला असला की ठोकताळा चुकतो, शरीर कलतं आणि किडा दिव्याभोवती गरगरत अडकतो. डासांना हे जसंच्या तसं लागू होतं असं म्हणता येणार नाही, पण दिव्याभोवती घिरट्या घालणारा पतंग आता मला वेगळा दिसतो. त्याला दिव्याची ओढ नसते, त्याची वाट हरवलेली असते.

आता जागेचं. रस्त्यावरच्या दिव्याखाली टांगलेला सापळा फुकट जातो, कारण मोठ्या उजेडापुढे त्याचा बल्ब फिका पडतो. उघड्या माळावर वारा डासांना उडूच देत नाही. आडोसा, झाडी, गोठ्याची भिंत अशा जागी तो चांगला चालतो. सूर्यास्ताआधी लावायचा आणि उजाडल्यावर काढायचा. आणि चंद्र विसरायचा नाही. कोजागरीच्या रात्री अंगणात दूध आटवताना डास आपल्याला फोडून काढतात, पण त्याच रात्री सापळ्यात मात्र कमी येतात. चांदणं भरपूर असलं की बल्बचा उजेड लांबवर पोचत नाही. ज्याला हे माहीत नाही तो वहीत लिहील, "डास घटले." अमावस्येला पुन्हा लिहील, "डास वाढले." दोन्ही वेळा डास तेवढेच असू शकतात. म्हणून तुलना करायची ती शक्यतो चंद्राच्या सारख्याच कलेच्या रात्रींची, किंवा मग दर आठवड्याला न चुकता सापळा लावून कितीतरी महिन्यांची.

मोजण्याचं एकक आहे "सापळा-रात्र". एक सापळा एक रात्र चालला की एक सापळा-रात्र. समजा, चार सापळे पाच रात्री लावले आणि ६४० माद्या मिळाल्या, तर वीस सापळा-रात्रींत ६४०, म्हणजे सापळा-रात्रीमागे ३२. पण सरासरीत एक खड्डा आहे. समजा, एका सापळ्यात पाच रात्रींत १०, १२, ९, ११ आणि ३०० माद्या आल्या. सरासरी निघते ६८. या पाचही रात्रींत ६८च्या जवळपास एकदाही कुणी आलं नव्हतं! एका रात्री शेजारच्या डबक्यातून एकदम पिढी उडाली असेल, एवढंच. कीटकशास्त्रज्ञ म्हणून अशा आकड्यांचा लॉगरिदम घेऊन मग सरासरी काढतात, म्हणजे एकच धिप्पाड आकडा बाकीच्यांना झाकत नाही. गणित नको असेल तर पाच आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला बघा: ११. नेहमीची परिस्थिती तोच सांगतो. ३००ची रात्र सोडून द्यायची नाही, पण ती वेगळी लिहायची आणि दुसऱ्या दिवशी जवळपासचं डबकं शोधायला निघायचं.

सकाळच्या पिशवीत काय असतं हे पहिल्यांदा बघणाऱ्याचा भ्रमनिरास होतो. पतंग, चिलटं, तुडतुडे, बारीक भुंगेरे, आणि त्यात कुठेतरी डास. पिशवी थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवली की सगळे निपचित पडतात. मग पांढऱ्या कागदावर ओतून, मऊ ब्रशने, सूक्ष्मदर्शकाखाली निवडायचे. भाजी निवडण्यासारखंच काम, फक्त जुडीचं पान काही मिलिमीटरचं. मिश्या पिसासारख्या झुपकेदार असतील तर नर. तो चावत नाही, फुलांच्या रसावर जगतो. विरळ मिश्यांची ती मादी, अंड्यांसाठी रक्त तिलाच लागतं. मादीच्या सोंडेच्या दोन्ही बाजूंचे स्पर्शक सोंडेइतकेच लांब दिसले तर ती ॲनॉफिलिस, मलेरियाची. स्पर्शक आखूड आणि रंग मळकट तपकिरी असेल तर बहुधा क्युलेक्स, गटारीतली. हत्तीरोगाचा वाहक याच घराण्यातला. भातखाचरात वाढणारी तिची चुलत बहीण जपानी मेंदूज्वर पसरवते.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण तो मला दर पावसाळ्यात भेटतो. "मॅडम, पट्टेवाला डास सापडला, डेंग्यूचा." काडेपेटीत घालून आणलेला तो डास बघितला तर पुष्कळदा निघतो आर्मिजेरस. हा अंगाने मोठा, त्याच्यावरही काळे-पांढरे पट्टे, संध्याकाळी त्रास देणारा, पण सेप्टिक टँकच्या घाण पाण्यात वाढणारा. त्याची सोंड खाली वाकलेली असते. डेंग्यूची एडिस इजिप्ती लहान असते आणि तिच्या पाठीवर वीणेसारखी पांढरी नक्षी असते. फरक कळला नाही तर सोसायटी सेप्टिक टँकचं झाकण शोधत बसते आणि एडिस गच्चीवरच्या पिंपात निवांत वाढते.

डास जिवंत किंवा ताजे हवेत ते दोन कारणांनी. पहिलं, वय. मलेरियाच्या रोग्याला चावल्यावर परजीवी डासाच्या पोटात वाढून लाळेपर्यंत पोचायला, २५ अंशांच्या आसपास, साधारण १० ते १२ दिवस लागतात. तेवढी जगलेली मादीच मलेरिया देऊ शकते. म्हणून मादीचं पोट फाडून अंडाशयाच्या श्वासनलिका बघतात: गुंडाळलेल्या असतील तर तिने अजून एकदाही अंडी घातलेली नाहीत, ताणून सुटलेल्या असतील तर घातलेली आहेत. शंभर तरुण माद्यांपेक्षा वीस म्हाताऱ्या माद्या जास्त धोक्याच्या. याच हिशेबात निफाडची थंडी उपयोगी पडते. १६ अंशांच्या खाली हा परजीवी वाढतच नाही असं म्हटलं तरी चालेल. पण डास बाहेरच्या थंडीत थोडाच राहतो, तो घराच्या उबदार कोपऱ्यात बसतो. थंडीच्या भरवशावर राहू नये.

दुसरं कारण विषाणू. एकेका डासाची तपासणी परवडत नाही, म्हणून एकाच जातीच्या, एकाच जागच्या ५० पर्यंत माद्या एकत्र चिरडून एक नमुना करतात. समजा, १,००० माद्यांचे २० नमुने केले आणि त्यांतल्या दोनांत विषाणू सापडला, तर हजारात किमान दोन माद्या बाधित. किमान, कारण एका नमुन्यात एकापेक्षा जास्त बाधित असू शकतात. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२पासून आहे, अशा कामाचा वारसा आपल्या राज्यातच आहे. डासांच्या जाळीत वाळूमाशीही सापडते. १९६५मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेला विषाणू वाळूमाशीच पसरवते, म्हणून तिला कचऱ्यात टाकायचं नसतं.

आता मामांच्या प्रश्नातला सगळ्यात अवघड भाग. नाशिक शहरात लोकांना झोप लागू न देणारा आजार डेंग्यू आहे, आणि डेंग्यूच्या डासासाठी प्रकाश सापळा जवळजवळ आंधळा आहे. एडिस दिवसा चावते, विशेषतः सकाळी आणि ऊन उतरल्यावर. रात्रीच्या दिव्याची तिला ओढ नाही. सिडकोत एखाद्या गल्लीत रात्रभर सापळा लावला आणि एकही एडिस आली नाही, तर त्याचा अर्थ "एडिस नाही" असा होत नाही. अर्थ एवढाच की चुकीचं माप लावलं. दूध तागडीत मोजता येत नाही, तसं. माझं या विषयातलं सगळं म्हणणं इथेच आहे: कोणता डास शोधायचा हे आधी ठरवा, मग सापळा निवडा. शून्य आकडा दिलासा देतो म्हणूनच तो सगळ्यात नीट तपासायला हवा.

एडिससाठी तिच्या सवयींवरचे सापळे लागतात. माणसाच्या घामाच्या वासासारखं आमिष लावलेला, काळ्या-पांढऱ्या रंगाचा, दिवसा चालणारा पंख्याचा सापळा असतो, पण तो महाग. स्वस्तातला म्हणजे अंड्यांचा सापळा. काळा प्लॅस्टिकचा ग्लास, अर्धा पाण्याने भरलेला, आत पाण्यात टेकलेली खरबरीत कापडाची किंवा लाकडाची पट्टी. एडिसला काळोखं, सावलीतलं, स्वच्छ पाणी आवडतं, आणि ती पाण्यावर अंडी घालत नाही, ओलसर कडेवर घालते. आठवड्याने पट्टी काढून भिंगाखाली बघायची. काळ्या मोहरीच्या कणांपेक्षाही बारीक ठिपके दिसले तर अंडी. समजा, ५० ग्लास ठेवले आणि १० मध्ये अंडी मिळाली, तर २० टक्के. पुढच्या आठवड्यात ३० टक्के झाले तर घरोघरी पिंपं बघायला माणसं पाठवायची वेळ झाली. पण सात दिवसांच्या आत ग्लास रिकामा केलाच पाहिजे, नाहीतर सापळाच डासांचा पाळणा होतो. गरम हवेत अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून हौसेने घरी असे ग्लास ठेवू नका. विसरणारा माणूस ठेवला की हा प्रयोग उलटतो.

आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत डेंग्यूचे रुग्ण निघाल्यावर निळ्या दिव्याचं विजेवर किडे मारणारं यंत्र आणलं. तडतड आवाज यायचा, खाली किड्यांचा ढीग पडायचा आणि सगळे समाधानी. मी तो ढीग चाळला. त्यात पतंग, भुंगेरे, चिलटं होती. अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये अशाच यंत्रांखालचे १३,७८९ किडे मोजून १९९६मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यांत चावणारे किडे निघाले फक्त ३१. बाकीचे न चावणारे, त्यांत दुसऱ्या किड्यांना खाणारेही होते. डेंग्यूच्या भीतीत ते यंत्र तिथे आजही चालू असेल, आणि त्याच इमारतीच्या गच्चीवरची पिंपं उघडी असतील. मला त्याचं फार वाईट वाटतं.

धूर फवारणीचंही सापळ्याशिवाय कळत नाही. धूर उडणारे डास मारतो, पाण्यातल्या अळ्या आणि कोष तसेच राहतात आणि काही दिवसांत नवी पिढी उडते. फवारणीच्या आधी तीन आठवडे, नंतर तीन आठवडे सापळे लावा, आणि फवारणी न झालेल्या दुसऱ्या वस्तीतही तेवढेच लावा. दोन्हीकडे डास सारखेच घटले असतील तर श्रेय धुराचं नाही, हवामानाचं. ही दुसरी वस्ती लोक हमखास विसरतात.

मामांच्या हुमणीच्या दिव्यात आणि यात फरक काय, तर तिथे मोजणं आणि मारणं दोन्ही होतं. भुंगेरे वर्षातून एकदा, ठरावीक दिवसांत बाहेर पडतात, म्हणून दिव्याने त्यांची खरंच घट होते. डासाची मादी एका वेळी शंभर-दोनशे अंडी घालते आणि पुन्हा आठवडाभरात घालते. पिशवीने उपसून ती विहीर आटत नाही. पण सापळा सांगतो की विहीर कोणत्या बाजूने भरते आहे, आणि मग आपण तिथे जाऊन टाकी झाकू शकतो, गटार वाहतं करू शकतो, शेततळ्यात किंवा हौदात गप्पी मासे सोडू शकतो.

२०२७मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे. तपोवनात साधुग्राम उभं राहील, तात्पुरत्या टाक्या, नळ, शौचालयं येतील, देशभरातून माणसं येतील आणि काहींच्या रक्तात त्यांच्या गावचा मलेरिया असेल. मेळ्याच्या महिन्यात मोजलेला आकडा जास्त की कमी, हे कशाच्या तुलनेत सांगणार? त्यासाठी मेळ्याआधीचा अख्ख्या वर्षाचा आकडा हातात हवा: उन्हाळा, पावसाळा, थंडी, सगळा. माझ्या हातात असतं तर गोदावरीकाठी जलपर्णी साचते तिथे प्रकाश सापळे लावले असते, कारण मॅन्सोनिया डासाच्या अळ्या पाणवनस्पतींच्या मुळांत शेपटीकडची श्वासनळी खुपसून श्वास घेतात. नासर्डी नदीच्या काठच्या वस्त्यांत क्युलेक्ससाठी, इगतपुरीच्या भातखाचरांजवळच्या गोठ्यांत ॲनॉफिलिससाठी आणि मेंदूज्वराच्या डासांसाठी. आणि पाथर्डी फाट्याकडच्या बांधकामांवर, जुन्या नाशकातल्या वाड्यांत, पंचवटीतल्या धर्मशाळांत दिवा नाही, काळे ग्लास.

मामांना एवढं सगळं सांगून झाल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे तुझा दिवा आमच्या गोठ्यात लावून बघायचा. पण टॉमी दिवसभर तिथंच झोपतो, तो तोडील त्याला."

मी सापळा गव्हाणीपासून लांब, खांबाच्या वरच्या खिळ्याला टांगला. सकाळी सहाला पंखा चालूच होता. आधी पिशवीचं तोंड बांधलं.